बंद ड्रायव्हरची वाली

न्यूर्नबर्गची गुंडुला लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीतले ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारं कार्ड चालवणारे प्रोग्राम, सांभाळायची. हे ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्या कंपनीचे, आतला कोड कुलूपबंद. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, बदलला की ते रुसायचे आणि लोकांचे पडदे काळे पडायचे.

"ज्याचा कोड मुक्त नाही ते टाकून दे की, बाई!" सहकारी फोल्कमार टोमणा मारायचा.

"मग ज्यांच्याकडे तेच कार्ड आहे, त्यांनी काय भिंतीकडे बघत बसायचं?"

शेवटी तिने अशी सोय केली, की जुळणारा ड्रायव्हर तयार झाल्याशिवाय नवा कर्नल बसणारच नाही. पुढच्या अपडेटनंतर तक्रारीचं एकही पत्र आलं नाही.

फोल्कमार कॉफी घेऊन आला. "माझ्या आईच्या संगणकात तेच कार्ड आहे गं," तो पुटपुटला.

"आण उद्या तो संगणक," गुंडुला म्हणाली, "आधी कॉफी पिऊ दे."