भाताच्या टोपातला चुंबक

त्या दिवशी सकाळी चंदरमामांनी भाताच्या टोपात पाणी उकळलं आणि त्यात पास्कूच्या गिटारीचा चुंबक सोडला. घोड्याच्या नालासारखा वाकडा, बोटभर रुंद पोलादाचा तुकडा तो. त्यांची बायको, आमची राहीआत्या, चुलीपुढून उठली ती तणतणतच.

"कालच राखेनं घासून ठेवला टोप. आता भात कशात टाकू?"

"दुसरा घे ना."

"दुसरा न्हाय. आनि आज किती जोर काढून घेनार त्यातला? काल त्या बिचाऱ्याच्या समोर गच्च भरून दाखवलात. आज दार लावून उपसायचा. दरवेळचं हाय तुमचं."

मामा हसले. त्यांना राग असा यायचाच नाही, त्यानेच आत्याचा जास्त जळफळाट व्हायचा.

"उपसत न्हाय गो. मुरवतो. दिस कलंपर्यंत आच मोडू नको," म्हणाले, आणि दार ओढून घेऊन ओटीवर गेले.

ओटीवरच्या कोनाड्यात त्यांची लाकडी मोगरी असायची. ती जमिनीवर पडल्याचा आवाज आला. आत्याला वाटलं, आज आला वाटतं राग, टाकली मोगरी. ती मुद्दामच उठली नाही. मग शेजारची जनी दारातून म्हणाली, "वयनी, भायेर ये. हातातलं टाक आनि ये."

मामा भिंतीला टेकून बसल्यासारखे होते. मोगरी पायाशी. अलिबागचा डॉक्टर यायच्या आधीच सगळं संपलं होतं. चुलीकडे कोणाचं लक्ष राहणार? जनीने कधीतरी टोप खाली उतरवून ठेवला. चुंबक तसाच त्या पाण्यात गार झाला.

पोरं विचारतात, चंदरमामा करायचे काय नेमकं? तर ते म्हाताऱ्या चुंबकांत जोर भरायचे.

जवानीत ते मुंबईला भायखळ्याच्या एका गॅरेजात होते. तिथे मोटारींचे मॅग्नेटो दुरुस्त व्हायचे. मॅग्नेटो म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा डबा, त्याच्या पोटात चुंबक असतो. देश स्वतंत्र झाला त्या साली गॅरेजचा मालक बिऱ्हाड आवरून कराचीला गेला. जाताना तांब्याच्या जाड तारेच्या दोन गुंडाळ्या मामांना देऊन गेला. त्या डोक्यावर घेऊन मामा बोटीने रेवदंड्याला उतरले आणि चौलला घरी आले. घरच्यांना वाटलं, गुंडाळीत काय सोनं आहे की काय.

ते सांगायचे, चुंबकाचं वय होतं. पडला, तापला, नाहीतर दुसऱ्या लोखंडात घासत राहिला, की जोर उतरतो. आणि काही नाही झालं तरी नुसता ठेवला तरी उतरतोच. मग वाडीतला पाण्याचा पंप उठत नाही, भाताच्या गिरणीचं इंजिन खोकत बसतं. अशा वेळी लोक चुंबक काढून मामांकडे आणायचे. मामा तो त्या गुंडाळ्यांवर उभा करायचे, मोटारीच्या बॅटऱ्या ओळीने जोडायचे, आणि तार एकदाच टेकवायचे. खट्. झालं. मग गिऱ्हाइकासमोर घरातला जड कोयता त्याला लावून दाखवायचे. कोयता लोंबकळत राहायचा. माणूस खूश.

पास्कू तसाच आला होता. कोर्लईचा ख्रिस्ती. बाप मच्छीमार, पण हा लग्नकार्यात मांडीवर आडवी घेऊन वाजवायची ती विजेची गिटार वाजवायचा. मुंबईला कुठल्या परदेशी खलाशाकडून घेतलेली जुनी गिटार. तिच्या तारांवर नालासारखे दोन चुंबक समोरासमोर बसवलेले, कमानीसारखे. तारा त्या कमानीतून जायच्या, आणि तार हलली की तो हेलकावा पकडून पेटीतून मोठा आवाज निघायचा. त्यातला एक जरी म्हातारा झाला तरी आवाज बसायचा. पास्कू म्हणायचा, "दादा, नवरी रडते की माझी गिटार रडते, तेच कळंना झालंय."

पण मामा चुंबक भरला की लगेच द्यायचे नाहीत. उद्या ये म्हणायचे. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लावून दिवसभर तो उकळायचे. मग मोगरीने हळूहळू ठोकायचे, ठक ठक, जसं काही लहान पोराला थोपटतायत. ते झालं की आत्या बघायची तर कोयता काही त्याला चिकटायचा नाही, खाली पडायचा. भात कापायचा हलका इळा, म्हणजे विळा, तेवढा चिकटायचा. काल दाखवला कोयत्याचा जोर, आज द्यायचा इळ्याचा. आत्याच्या मनात तिथे गाठ बसली ती बसली. आपला माणूस माप मारतो.

आणि काढलेला जोर जातो कुठे, तेही तिने मनाशी ठरवलं होतं. खाटेखाली गोणपाटात गुंडाळलेला एक भला मोठा चुंबक होता. त्याच्या दोन्ही टोकांवर आडवी लोखंडाची पट्टी. त्या पट्टीला मामा कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. "पट्टी काढू नको, जोर जाईल," म्हणायचे. म्हणजे साठवतात तो यातच.

हे तिने एकाच माणसाला सांगितलं, तिच्या भावाला, सदाला, म्हणजे आमच्या बाबांना. आणि तिथेच चुकली. बाबा मुंबईला गोदीत कामाला. सूर्य उगवला तरी यात कोणाचा तरी फायदा असणार, असं वाटणारा माणूस.

"जिन्नस इथनं गेला म्हंजे कुठंतरी निघाला," बाबा म्हणाले. "तू गप ऱ्हा. मी बघतो."

बघणं राहिलं आणि मामाच गेले.

दहाव्याला रेवदंड्याच्या वाळूत पिंड ठेवले. सुरूच्या झाडांवर कावळे ही गर्दी, पण एक खाली उतरेल तर शपथ. राहीला बघू म्हणून झालं, वाडी राखू म्हणून झालं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. परतताना जनी हळूच म्हणाली, "कशात अडकला असंल गो जीव?" आत्याच्या डोळ्यांपुढे ती खाट होती.

घरी आल्या आल्या बाबांनीच गोणपाट ओढून काढलं.

"हे बघ. लोकांचा जोर पोटात घेऊन बसलाय. कावळा कसा शिवंल?"

"मंग काय करू?"

"सोड. पट्टी काढ. ज्याचं त्याला जाऊ दे."

आत्याने पदर खोचला. पाय चुंबकावर रोवला आणि दोन्ही हातांनी पट्टी ओढायला गेली, तर ती एका हाताने निघाली. पाटावरचा तांब्या उचलावा तशी. दोघं बघतच राहिली. आत्याने कोयता लावला, पडला. इळा लावला, पडला. शेवटी एक लोखंडी मोळा कसाबसा लोंबला, तोही झुलून सुटला.

"ह्यात तं कायच न्हाय," आत्या म्हणाली.

बाबांनी पट्टी परत बसवली. मग म्हणाले, "म्हंजे विकला. पन कुनाला?"

तेरावं झालं आणि पास्कू तरीच्या होडीतून खाडी ओलांडून आला. बाबांनी त्याला ओटीवरूनच हेरला. आत येऊन बोलले, "तुझा वाजंत्री आला. चुंबक दे नि वाटंला लाव. तो कोयता लावून बघनार, आनि पडला की गावभर करनार. कोयता लपव आधी."

आत्याने कोयता जात्यामागे सारला. आयुष्यभर मनात ठेवलेली गोष्ट आता परका माणूस दारात उभा राहून बोलणार. माणूस गेला, आता नावही जाणार.

पास्कू टोपी हातात घेऊन ओटीच्या कडेला बसला. मग म्हणाला, "वयनी, दादाचा शेवटचा हात माझ्याच कामाला लागला म्हनं."

"व्हय."

"झाला व्हता काय पुरा?"

आत्याने टोपातून काढून ठेवलेला चुंबक पुसून आणला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. "मला न्हाय म्हायत. तूच बघ."

"जरा इळा दे."

आत्या जागची हलली नाही. "इळा? कोयता न्हाय?"

"कोयता कशाला? कोयत्याचा जोर पहिल्या दिसाचा. तो उतरनारच. इळ्याचा टिकतो. दादा मला कायम इळ्यावर आनूनच द्यायचा." पास्कूला तिचा चेहरा बघून नवल वाटलं. "तुला म्हायत न्हाय? तो म्हनायचा, जो जोर जायचाच हाय तो माझ्या चुलीवर जाऊ दे, तुझ्या लग्नाच्या मांडवात नको. मागं मी शानपना केला. मुंबईला एकाकडनं गच्च भरून आनला. काय आवाज, वयनी. माघात भरला आनि वैशाखात परत रडायला लागला. दादानं भरलेला कधी असा बसला न्हाय."

बाबा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होते. "मंग तो खाटंखालचा मोठा कुनाचा?"

"असंल का अजून?" पास्कू उठून आत वाकून बघायला लागला. "आमच्या बापाच्या होडीच्या इंजिनातला हाय तो. दादा मुंबईवरनं नवीन आलेला. बाप म्हनला, भर गच्च, आनि यानं भरून तसाच दिला. पावसाळ्याच्या तोंडाला ठिनगी बसली. होडी किल्ल्याखालच्या खडकावर गेली. बाप पवून आला, होडी गेली. दादानं तो चुंबक मागून घेतला. कधी परत भरला न्हाय. त्यानंतरच उकळायला लागला."

"आनि पट्टी?" आत्याने विचारलं.

"पट्टी असली म्हंजे उरल्याला सांभाळती. आजून किती उतरतो ते अधनंमधनं बघायचा तो."

बाबांना अजून पटलेलं नव्हतं. "तू त्याची एवढी बाजू घेतोस, तुला काय मिळनार?"

"गिटार," पास्कू म्हणाला. "दुसरं काय. चैत्रात लग्नं हायत."

आत्या आत गेली ती इळा आणि कोयता दोन्ही घेऊन आली. पास्कूने इळा लावला, चिकटला. मग आत्याने स्वतःच कोयता लावला. तोही चिकटला.

"बघ," पास्कू म्हणाला. "मुरला न्हाय अजून. आर्धाच ऱ्हायला."

त्याला तिने उद्या ये म्हणून सांगितलं. मामा सांगायचे तसंच, त्याच शब्दांत, ते तिच्याही लक्षात आलं नसेल.

दुसऱ्या दिवशी तिने टोप चुलीवर ठेवला आणि चुंबक सोडला. दार उघडंच ठेवलं, मुद्दाम, जनीला दिसेल असं. तर खाडीकडून वारा आत यायला लागला. आच एकदा भडकायची, एकदा विझायला व्हायची, पाणी उकळायचं नि थांबायचं. दोनतीनदा फुंकून फुंकून तिच्या डोळ्यांत धूर गेला. मग ती उठली आणि दार लावून घेतलं. लावल्यावर तिथेच दाराला टेकून बसली कितीतरी वेळ. जनीला बाहेर वाटलं, वयनी रडते. असेलही.

दिवस कलला तेव्हा तिने चुंबक चिमट्याने काढला, गार होऊ दिला आणि ओटीवर आणला. मोगरी कोणीतरी परत कोनाड्यात ठेवली होती. ठोकलं. कोयता लावला, चिकटला. पुन्हा ठोकलं, जरा धीराने. बाबा बाजूला बसून बघत होते.

"जास्ती नको ठोकू," म्हणाले. "उगाच त्याचं नुकसान करशील."

"गप ऱ्हा, सदा."

आणखी थोडं ठोकल्यावर कोयता सुटून खाली पडला. आत्याने तो उचलून दाराआड ठेवला. मग इळा लावला आणि हात काढून घेतला. इळा राहिला.