डॉक्टरांच्या व्हिडिओत सुधीर बरा झाला होता

"पॅन्क्रियाजमध्ये गाठ आहे," डॉक्टर म्हणाले. पॅन्क्रियाज म्हणजे स्वादुपिंड, ते जठराच्या मागे असतं, हे मला त्या दिवशी गुरुग्रामच्या हॉस्पिटलात कळलं. सुधीरने, माझ्या नवऱ्याने, विचारलं, "डॉक्टरसाब, ऑफिस कब से जा सकूँगा?" सरकारी नोकरीत जन्म गेलेला माणूस, त्याला काळजी रजेची.

नाशिकला सासूबाईंना आम्ही पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांपासून असं लपवतातच.

ऑपरेशन चांगलं झालं. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर मोबाइल घेऊन आले. "छोटा-सा वीडियो बनाते हैं. दूसरे मरीज़ों को हौसला मिलेगा." ज्याच्या हातात आपला जीव, त्याला नाही कसं म्हणायचं? मीच सुधीरचे केस विंचरून दिले. तो कॉरिडॉरमध्ये चालला, हसला.

दोन महिन्यांनी पेट स्कॅन, म्हणजे सगळ्या शरीराची तपासणी, झाला. मेटास्टेसिस, म्हणजे आजार दुसऱ्या अवयवात पसरलेला. त्याच्या यकृतात.

दुसऱ्याच दिवशी सासूबाईंचा फोन. 'कैंसर को हराया' असं लिहिलेला तो व्हिडिओ फिरत फिरत नाशिकला पोचला होता. त्या रागावल्या, रडल्या, मग म्हणाल्या, "अगं, तिकीट काढायलाच निघाले होते. पण बरा झालाय की तो! डॉक्टरच सांगतायत. आता कुरडया झाल्या की निवांत येते."

'आजच निघा' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "हो आई, सावकाश या."

तीन आठवड्यांत सुधीर गेला. आई आल्या त्या त्याला शेवटचं बघायलाच.

नंतर मी डॉक्टरांकडे गेले. व्हिडिओखाली लोक अजून अभिनंदन करत होते. डॉक्टरांनी माझ्यासमोर तो काढून टाकला. "इतनी जल्दी नहीं डालना चाहिए था," ते म्हणाले. त्यांनी मनापासून उपचार केले, ते मी विसरणार नाही. रागही जात नाही.

तुमच्यासमोर कुणी कॅमेरा धरला, तर एक दिवस मागून घ्या. हे कोण कोण बघेल याचा विचार करा. आणि घरच्यांना खरं तुम्हीच सांगा.

आई आता मयूर विहारच्या आमच्या घरी माझ्याजवळच असतात. परवा माझ्या सोनोग्राफीचा रिपोर्ट आला, तो आधी त्यांच्या हातात दिला. त्यांनी मला ओळन्ओळ मराठीत सांगायला लावली. काही निघालं नव्हतं. कागदाची घडी घालत त्या म्हणाल्या, "त्याचाही असाच दाखवला असतास ना गं."