कोलशेतचा आकाशवीर

वाचकांनी जरा सावरून बसावे. आमच्या ठाण्यात आकाशमार्गे जाऊन प्राण ठेवणारा पहिला वीर कोलशेतचा होता, आणि तो माझ्या जनाआत्याच्या घरचा होता.

आज होडीला लावायची राळ चुलीवर उतू जाऊन जळली आणि त्या वासाबरोबर ती जुनी सकाळ परत आली. मुंबईचा एक फुगेवाला धुराचा मोठा फुगा घेऊन खाडीवर आला होता. फाटके कापड शिवायचा त्याला कंटाळा, म्हणून प्रत्येक भोकावर त्याने चिंधी ठेवून राळ फासली होती. उडायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "मी खालून लक्ष ठेवतो," आणि टोपलीत आत्याचा नवसाचा कोंबडा बसवला. तो संध्याकाळी देवीला द्यायचा होता.

फुगा ताडांच्या वर गेला, खाली टांगलेल्या शेगडीची ठिणगी राळेला लागली आणि सगळे भडकले. हाही खेळच समजून आम्ही टाळ्या पिटल्या. त्या टोपलीत माणूस असता तर, हे आज मनात येते. जळता फुगा कोंबड्यासकट खाडीत बुडाला.

देवीला अंगात बोलावणारा भगत म्हणाला, "जने, नवस राहिला. दुसरा कोंबरा आण."

आत्याकडे दुसरा नव्हता. ती म्हणाली, "तू देवीला खाली बोलावतोस, मी कोंबरा वर तिच्या घरी पोचवला. मंग भूक कोनाची राहिली रं, तिची का तुझी?"