एक हात वर

आमच्या धाकट्याला पोलीस ठाण्यात सगळे ‘शिट्टी’ म्हणत. शिट्टी तो क्वचितच वाजवायचा. बाजाराच्या चौकात मधोमध उभा राहून नुसता एक हात वर करायचा, की भरलेला ट्रकसुद्धा मुकाट थांबायचा. मी त्याची थोरली बहीण. माझं शिवणाचं दुकान चौकाच्या कोपऱ्यावरच, म्हणून त्याची सगळी नोकरी मी मशीनवर बसून पाहिली. एकदा शाळेची पोरं रस्ता ओलांडत होती, तर यानं एका बड्या अधिकाऱ्याची गाडी अडवून धरली. बदलीची धमकी आली. हा म्हणे, चौकात सगळे सारखेच.

लढाई पेटली तेव्हा पोलिसांवर लष्करात जायची सक्ती नव्हती. हा शहाणा आपणहून नाव देऊन आला. मी खूप भांडले, बोलणं टाकलं, आणि शेवटी त्याच्या लष्करी सदऱ्याच्या बाह्या मीच आखूड करून दिल्या. त्याचे हात पहिल्यापासून तोकडे.

तिकडे प्रशिक्षणात त्याला रोज बोलणी बसायची. शिपायानं आडोसा धरायचा, आणि हा सरावातही रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा. सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला, “ताई, इतकी वर्षं लोकांना दिसेल असं उभं राहायला शिकलो. आता म्हणतात, लप.” मी हसून म्हटलं, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तेव्हाच माझी जीभ का झडली नाही!

तो गेल्याचं सांगायला ठाण्याचे साहेब आले. शत्रूवर चालून जाताना पडला म्हणाले. मला ते पटेना. आमचा शिट्टी कुणावर चालून जाणाऱ्यातला नव्हता.

पुढे जखमींची गाडी चालवणारा एक जण पत्ता शोधत दुकानात आला आणि त्यानं सगळं सांगितलं. पुलाच्या तोंडाशी पळून येणाऱ्यांच्या आणि जखमींच्या गाड्यांची कोंडी झाली होती, वरून तोफगोळे पडत होते. खंदकातून अधिकारी ‘खाली हो’ म्हणून ओरडत होता. शिट्टीनं बंदूक पाठीला अडकवली, पुलाच्या तोंडाशी जाऊन हात वर केला. बाकीच्या गाड्या थोपवल्या, जखमींच्या आधी सोडल्या.

“शेवटची गाडी माझी होती, ताई,” तो म्हणाला. “पलीकडे जाऊन मागे बघितलं तर तो उभाच होता. मग गोळा पडला.”

तोवर ठाण्याच्या भिंतीवर लावायला त्याचं मोठं चित्र तयार झालं होतं. मी बघायला गेले. बंदूक रोखून, तोंड वासून धावणारा कुणीतरी. मी म्हटलं, हा माझा भाऊ नाही; तो पुलाशी हात वर करून उभा होता, तसा काढा. साहेबांनी मला बाजूला घेऊन समजावलं, की खरं सांगितलं तर त्यानं हुकूम मोडला असं होईल, चूक त्याच्याच माथी बसेल.

“चूक तर चूक,” मी म्हटलं. “पण ती त्याची आहे. ही धाव कुणाची, ते तुमचं तुम्ही बघा.”

साहेब वैतागले. “अहो बाई, हात वर केलेला शिपाई शरण आल्यासारखा दिसेल.”

माझं डोकं फिरलं. ठाणं चौकातच आहे. पायऱ्या उतरून मी सरळ रस्त्याच्या मधोमध गेले आणि एक हात वर केला. भरधाव ट्रक करकचून थांबला, मागे रांग लागली. साहेब पायरीवर उभे होते.

“शरण येणारा दोन्ही हात वर करतो, साहेब,” मी तिथूनच म्हटलं. “आता सांगा, शरण कोण आलं?”

ट्रकवाल्यानं भोंगासुद्धा वाजवला नाही.

चित्र नव्यानं काढलं गेलं. त्यात वर केलेल्या हाताची बाही जरा लांब निघाली होती. मी उभी राहून तीही आखूड करायला लावली.