मागावर चढलेलं यान

विज्ञानपटांवरून काढलेल्या कॉमिकची मूळ पानं मी गोळा करतो. छापलेली पुस्तकं नव्हेत, चित्रकारानं स्वतःच्या हातानं शाईनं काढलेली, पांढऱ्या रंगानं चुका झाकलेली पानं. वडगावच्या आमच्या विणकरांच्या घरात हे कुणालाही कळत नाही आणि सांगून सांगून माझं तोंड दुखलंय.

निपाणीत एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर आहेत. तरुणपणी टॉकीजला परदेशी अंतराळपट बघायचे आणि घरी येऊन आठवेल तसं जाड कार्डशीटवर कॉमिक काढायचे. वर यान, खाली तंबाखूची शेतं. पुस्तक एकदाच निघालं, तेही पुसट. मूळ पानं त्यांच्या कपाटातच होती. म्हातारा खवट. मी कितीतरी खेटे घातले तेव्हा एक पान हातात ठेवलं आणि म्हणाला, हे आधी ने, कसं सांभाळतोस बघतो, मग बाकीच्यांचं बोलू. त्यांच्या मुलाला घर रिकामं करायचं होतं, रद्दीवालाही ठरला होता. म्हणजे सगळं त्या एका पानावर होतं.

पान मी कपाटावर सपाट ठेवलं, शेजारी ते छापील पुस्तक. थोड्या दिवसांनी मास्तरांचा फोन आला, पान घेऊन ये. कपाटावर बघतो तर नुसतं पुस्तक.

खाली माग खडखडत होता. मागाच्या वर साडीची नक्षी उचलणारं जेकार्ड असतं, त्याला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ लागते. काठाच्या काही पट्ट्या फाटल्या होत्या. अण्णानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, नव्या कापून घातल्या होत्या. माळ फिरत वर आली आणि एका पट्टीवर मला यानाचं शेपूट दिसलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. अण्णाला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तो मात्र थंड. आमच्या धंद्यात ग्राफवरची नक्षी एकदा पट्ट्यांवर उतरली की त्या कागदाचं काम संपतं. त्यात सूत गुंडाळा नाहीतर बंब पेटवा.

"चित्र पुस्तकात छापून आलंय की रं," तो म्हणाला. "मग ह्यो कच्चा कागद कशाला जपायचा?"

वर म्हणतो, पुठ्ठा लई चांगला होता, भोकं सुबक पडली. त्याचे दात घशात घालावेसे वाटले. साडी उतरेपर्यंत माळ काढायची नाही म्हणाला, तेव्हा मी कात्री घेतली आणि माळेची दोरीच कापली. साडी वाया गेली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही.

पट्ट्या चिकटपट्टीनं जोडून निपाणीला गेलो. मास्तरांनी त्या मांडीवर घेतल्या, भोकांवरून बोट फिरवलं. मी अण्णाचा उद्धार सुरू केला. अडाणी माणूस, त्याला काय कळतंय, मी तुमची पानं बँकेच्या लॉकरात ठेवतो, हवं ते लिहून देतो. अक्षरशः हातापाया पडलो.

मास्तरांनी मुलाला हाक मारली, बाकीच्या पानांचा गठ्ठा खाली आण म्हणाले. मला वाटलं, पाघळले.

"रद्दीवाल्याला फोन लाव," ते त्याला म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "त्यो रद्दीवाला बरा. सांभाळतो म्हणून सांगून नेत न्हाय."