फळीवर पालथी

लग्नाआधी मी पाण्यात कधी उतरले नव्हते. उतरायला पाणी तर हवं. सांगोल्यात आमच्या गल्लीत टँकर आला की घागरी घेऊन धावायचं, तेवढीच पाण्याशी ओळख. लग्न होऊन सोलापुरात आले. ह्यांचा एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. एकदा हे मित्रांबरोबर गोकर्णला गेले आणि सर्फिंगचं वेड घेऊन आले. पुढच्या खेपेला सगळे जोडीनं जाणार, असं ठरलं.

"पोहायला शीक," हे म्हणाले. "तिथं चारचौघांत माझी शोभा नको."

मी तरणतलावावर बायकांची बॅच लावली. सुरुवातीला कठडा सोडवेना. एके दिवशी सुटला, आणि मग मला त्या तलावाचीच ओढ लागली. पाण्यात कान बुडाले की घरात कुणी हाक मारतंय असं वाटायचं थांबायचं. आईला फोनवर सांगितलं, तर ती हसायला लागली. "हितं प्यायला पाणी न्हाय आन् तू त्यात लोळतीस व्हय? लोळ बाई, लोळ. लई बरं वाटलं."

गोकर्णला बाकीच्या बायका छत्रीखाली बसून फोटो काढत राहिल्या. पाण्यात मी एकटीच उतरले. शिकवणाऱ्यानं आधी वाळूवरच सर्फिंगच्या लांब फळीवर पालथं झोपवलं. फार पुढं सरकलं की फळीचं नाक पाण्यात घुसतं, फार मागं राहिलं की ती जागची हलत नाही. छाती उचलायची, नजर समोर ठेवायची, आणि एकेक हात खोल घालून पाणी मागं ओढायचं. ऐकायला सोपं. समुद्रात मी लगेच उलटले. नाकातोंडात खारट पाणी, बरगड्या सोललेल्या, खांदे भरून आलेले. तरी पुन्हा चढले. हात मारण्याची घाई सोडली, दम धरला, आणि फळी अचानक हलकी होऊन पुढं सरकली. आणखी एक हात, आणखी एक. फेसाच्या पलीकडं, जिथं लाटा नुसत्या खालीवर होतात, तिथं मी पोचले. आजूबाजूला कुणी नव्हतं. मला मोठ्यानं हसू आलं.

हे अजून मागं फेसातच धडपडत होते. शिकवणारा त्यांना ओरडून म्हणाला, "सर, भाभी के हाथ देखिए! ऐसे!"

जेवताना सगळे माझं कौतुक करत होते. ह्यांनी माशाचा काटा काढत म्हटलं, "सांगोल्याची शेळी पोहायला लागली की! आयुष्यात एवढं पाणी बघितलंय कुठं?" सगळे हसले. मीही हसले. हसले नसते तर, "हिला गंमत कळत नाही," असं झालं असतं.

सोलापुरात आल्यावर मी तलावाची पिशवी भरायला घेतली, तर म्हणाले, "आता पुरे. शिकायचं तेवढं झालं. रोज ओल्या केसांनी गावातून यायचं, बरं दिसत नाही."

"पण मला आवडतं," मी म्हणाले.

"आवडतं म्हणजे?" त्यांना खरंच कळलं नव्हतं. सासूबाई शेजारीच शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी पिशवीतला पोहण्याचा ड्रेस काढून घडी घातली आणि कपाटात खाली ठेवला. भांडता आलं असतं. मी नाही भांडले.

त्याला काही वर्षं झाली. हे पुन्हा कधी समुद्राकडं फिरकले नाहीत, पण माझा तिथला लाटांमधला, फळीवरचा फोटो ह्यांनी मोठा करून हॉलमध्ये लावलाय. परवा कारखान्याचे एक व्यापारी बायकोला घेऊन जेवायला आले होते. फोटो बघून त्या बाईंनी मला विचारलं, "अगंबाई, तुम्ही? भीती नाही वाटली?"

"मी होतो ना बरोबर," हे म्हणाले. "मीच शिकवलं तिला."

त्या बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.