युद्ध जरा बाजूला घ्या

किस्से कोणी ठरवून साठवत नाही. स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे ते साठतात. एक काढायला हात घालावा तर दहा अंगावर येतात. आमच्या सिनेमाचं तसंच झालंय. कोणी नुसतं विचारलं, "काय रे, तो युद्धाचा पिक्चर तुम्हीच केलात ना?" की मी सुरू होतो. समोरच्याचा चहा गार होतो, पण माझं थांबत नाही.

आधी दुरुस्ती. युद्धाचा नाही, युद्धविरोधी. सिनेमा रेवतीचा. रेवती माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, लिहिते तीच आणि दिग्दर्शन करते तीच. मी एडिटर. आमचं युनिट इतकं छोटं की सेटवर एडिटरलाही छत्री धरून उभं राहावं लागतं, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

गोष्ट साधी. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी कोकणातल्या एका घरातले दोघे भाऊ पलटणीत भरती होतात आणि बर्माला जातात. धाकटा तिथेच मरतो. थोरला, गोविंद, घरी येतो. लग्न करतो, शेती करतो, आणि आयुष्यभर पूर्णपणे परत येतच नाही. बस, एवढंच. ज्याला ऐकवली त्याने हेच विचारलं, "अच्छा. मग लढाई कुठाय?"

*

पहिले विचारणारे मेहुलभाई. घाटकोपरला त्यांचं टाइल्सचं मोठं दुकान आहे आणि सिनेमाचं वेड दुकानापेक्षा मोठं. आमचे निर्माते तेच.

त्यांनी स्क्रिप्ट वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "रेवतीबेन, सगळं झकास आहे. पण विजय कुठे आहे? वॉर फिल्ममध्ये विजय तर पाहिजे ना."

रेवती म्हणाली, "यात कोणीच जिंकत नाही."

"ते मला समजतं. पण पब्लिक विजय शोधणार. कुठेतरी टाका. छोटा टाका."

रेवती "बघते" म्हणाली. ती कधीच "बघते" म्हणत नाही, तेव्हाच मला संशय आला होता.

आठवड्याने मेहुलभाईंच्या हातात नवा ड्राफ्ट पडला. पहिल्याच पानावर गोविंदच्या गोठ्यात एक बैल उभा. नाव विजय. भरतीला जाण्याआधी दोघे भाऊ त्याला बाजारात नेऊन विकतात.

मेहुलभाईंचा फोन आला. रेवतीने स्पीकरवर ठेवला.

"रेवतीबेन, विजय सुरुवातीलाच विकून टाकला?"

"हो मेहुलभाई. युद्धात तसंच होतं."

मला वाटलं, वाट लागली, गेला सिनेमा.

मग मेहुलभाई म्हणाले, "बैल दिसायला चांगला घ्या."

*

आमचं बर्मा पवईत होतं. तलावाच्या एका अंगाला अजून बरी झाडी आहे. कॅमेरा जरा वर गेला की काचेची ऑफिसं दिसायची, म्हणून सगळं युद्ध खाली मान घालून शूट करायचं असं ठरलं. रेवती म्हणाली, "बरंच आहे. शिपायाला तरी कुठे आभाळ दिसायचं."

एका सकाळी सगळे जवान चिखलात पालथे पडून पुढे सरकतायत. हातात बंदुका, तोंडाला काळं. शॉट सुरू. इतक्यात समोरून पांढरे बूट घातलेले एक गृहस्थ हात हलवत आले. मॉर्निंग वॉक.

आमचा असिस्टंट धावला. "काका, थांबा जरा. युद्धाचा सीन चालू आहे."

"मग मी काय करू?"

"पाच मिनिटं फक्त."

"मी इथे रोज चालतो. डॉक्टरने सांगितलंय, मध्ये थांबायचं नाही. तुमचं युद्ध जरा बाजूला घ्या."

आणि काका थांबले नाहीत. गंमत अशी की पालथे पडलेले जवान आपोआप सरकले. अर्धे डावीकडे, अर्धे उजवीकडे. काका मधून निघून गेले, मागे वळूनही पाहिलं नाही.

असिस्टंट घाबरून रेवतीकडे बघत होता. ती चिडली नव्हती. खाली बसली होती.

"वर्षभर डायलॉग लिहितेय रे," ती मला म्हणाली. "एवढं स्वच्छ वाक्य नाही सुचलं मला."

*

कपड्यांसाठी आणि हत्यारांसाठी आम्हाला देवधर सर मिळाले. बँकेतून रिटायर झालेले, मुलुंडला राहतात, आणि जुन्या पलटणींचे बिल्ले, पट्टे, पाण्याच्या बाटल्या जमवायचा त्यांना नाद. घरात सुनेच्या साड्यांना जागा नाही, पण पट्ट्यांना स्वतंत्र कपाट आहे.

सेटवर पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या शर्टांची बटणं उसवायला लावली. "ही बटणं तेव्हा नव्हती." रेवतीने एक शब्द न बोलता सगळी बदलली. बूट बदलले. बंदुकीचे पट्टे बदलले. मी म्हटलं, "अगं, कोणाला कळणारे?" तर म्हणाली, "बटण खोटं निघालं ना, तर लोक म्हणतील त्याचं दुःखही खोटं. त्यांना तेवढी सवलत द्यायची नाहीये मला."

भांडण झालं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. गोविंद पहिल्यांदा माणूस मारतो, अगदी जवळून. आणि त्यानंतर त्याला हसू येतं, असं रेवतीने लिहिलं होतं.

देवधर सर पुढे आले. "हे चालणार नाही. हे ऐतिहासिक नाही."

"कुठलं?"

"हसणं. असं कुणाच्याही आठवणींत, कुठल्याही पुस्तकात मी वाचलेलं नाही."

"सर, बटणांचं साल असतं. हसण्याचंही असतं का?"

सर त्या दिवशी जेवले नाहीत आमच्याबरोबर. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी सेटवर हजर. रेवतीला बाजूला घेऊन म्हणाले, "मी काल घरी आरशासमोर उभा राहून करून पाहिलं. म्हणजे, मारल्यासारखं. हसू नाही येत मला. रडूही नाही."

"मग काय आलं?"

सर थोडे लाजले. "उचकी."

रेवतीने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिथेच उभ्याउभ्या सीन बदलला. आता सिनेमात गोविंद त्या माणसाला मारतो, बाजूला येऊन बसतो आणि त्याला उचकी लागते. थांबतच नाही. शेजारचा शिपाई पाण्याची बाटली पुढे करतो आणि सहज विचारतो, "कोण आठवण काढतंय रे तुझी?"

बाटली देवधर सरांची. अगदी त्याच काळातली.

*

गोविंदचं काम केलं नितीनने. बोरिवलीचा मुलगा, जिममध्ये घडलेला. रेवती म्हणाली, "असे दंड घेऊन बर्मातून कोणी परत आलेलं नाही. उतरव." बिचाऱ्याने उतरवले. गाल बसले, डोळे खोल गेले, कॅमेऱ्यात कमाल दिसायला लागला.

एका दुपारी त्याची आई थेट सेटवर आली, हातात डबा. रेवतीने समजावायचा प्रयत्न केला. "काकू, शिपायांचे हाल दाखवायचे आहेत ना, म्हणून थोडे दिवस."

"म्हणजे त्यांनी पोरांना उपाशी ठेवलं ते वाईट," काकू म्हणाल्या, "आणि तू ठेवतेस तो सिनेमा?"

रेवतीने त्याचे उपाशी दिसायचे उरलेले दोन सीन तेवढे उरकले आणि नितीनला जेवायला बसवलं. आम्हीही बसलो. वालाचं बिरडं होतं.

*

गोविंदच्या आईचं काम सुलभामावशींनी केलं. मावशी मूळच्या मालवणच्या, नवरा गिरणीत होता, आता मुलाकडे घाटकोपरला असतात. चाळीच्या उत्सवांपासून स्पर्धेच्या नाटकांपर्यंत आयुष्यभर स्टेजवर उभ्या राहिलेल्या. डायरेक्टरचं ऐकायची सवय कधी लागलीच नाही, असं त्या स्वतःच सांगतात.

खारदांड्याला एक जुनं कौलारू घर मिळालं होतं, तिथे तारेचा सीन होता. धाकटा मुलगा गेल्याची तार येते. तारवाला वाचून दाखवतो. आई उंबऱ्यात कोसळते. असं लिहिलेलं.

मावशी कोसळेनात.

"बाये, चुलीवर भात आसा," त्या रेवतीला म्हणाल्या. "तो उतरवल्याशिवाय मी रडतलंय कशी?"

"मावशी, मुलगा गेलाय तुमचा."

"झील गेलो. भात कित्याक घालवू?"

रेवती तापली. "मावशी, हा सिनेमा माझा आहे."

"आणि हो झील माझो आसा."

दोघी एकमेकींसमोर उभ्या, दोघींचे हात कमरेवर. शेवटी रेवती म्हणाली, "एकदा तुमच्या पद्धतीने घेते. मग माझ्या."

कॅमेरा सुरू झाला. तारवाल्याने तार वाचली. मावशींनी ऐकली. आत वळल्या, पदराने धरून भाताचं पातेलं उतरवलं, झाकण नीट ठेवलं, हात पुसले. मग दाराशी आल्या आणि तारवाल्याकडे पाहून म्हणाल्या, "उन्हातून इलस. जेवलस काय रे?"

तारवाल्याचं काम करणारा अंधेरीचा एक नवा नट होता. त्याला पुढे एकच वाक्य होतं, "येतो मी." ते त्याला बोलता येईना. तो तिथेच ओट्यावर बसला आणि हमसून रडायला लागला.

रेवतीने "कट" म्हटलंच नाही. तिच्या पद्धतीने घ्यायचा टेकही राहिला तो राहिलाच. आमच्या सिनेमात मुलगा गेल्यावर आई रडत नाही. तारवाला रडतो.

*

ट्रेलर बाहेर आला आणि माझ्या अंधेरीच्या एडिट रूमवर काही मंडळी आली. कुठल्या संघटनेची ते सांगत नाही. पुढारी धिप्पाड, आवाज मोठा. "शिपाई थरथर कापताना दाखवलाय. जवानांचा अपमान आहे हा. तो सीन काढा."

मी मध्ये पडणार तोच रेवती उठली. "सीन निघणार नाही. पण तुम्ही ज्याच्यावर चिडलात तो आधी बघा तरी. बसा."

खुर्च्या पुरल्या नाहीत, काही जण जमिनीवर बसले. मी सीन लावला. गोविंद बर्मातून परत आलाय, गावात कोणाच्या तरी लग्नात फटाके वाजतात आणि तो थरथरत धान्याच्या कणगीमागे जाऊन लपतो. आई त्याला शोधत येते. तिथे रेवतीने स्वतः हात पुढे करून थांबवलं.

मग पुढारी म्हणाले, "पुढे?"

"तुम्ही विरोध करायला आला होतात ना?"

"विरोध आहेच आमचा. आईला सापडतो का तो?"

"तिकीट काढून या," रेवती म्हणाली आणि दार उघडून उभी राहिली.

ते आले. विरोधही केला. विरोध करताना घोषणा देणाऱ्यांत एक जण मात्र सारखा डोळे पुसत होता असं मेहुलभाई सांगतात. मी पाहिलेलं नाही, त्यामुळे खात्री देत नाही.

*

आता शेवटचा किस्सा. मुलुंडला ज्येष्ठ नागरिकांच्या एका हॉलमध्ये रविवारी सकाळी आमचा शो ठेवला होता. सेक्रेटरींनी आधीच बजावलं, "नंतर प्रश्नोत्तरं नकोत. उगाच वाद होतात."

रेवती म्हणाली, "सिनेमा दाखवतेय, लस टोचत नाहीये. लोक बोलणार. बोलू द्या."

सिनेमा संपला. टाळ्या नाहीत. मग तिसऱ्या रांगेतून एक उंच, ताठ म्हातारे गृहस्थ उठले. सुभेदार साळवी, फौजेतून निवृत्त झालेले. त्या भागात सगळे त्यांना ओळखतात. आमच्या माणसाने त्यांच्या हातात माइक दिला.

"बाई, तुमची बटणं बरोबर आहेत," ते म्हणाले. "बूट बरोबर आहेत. पण शिपाई चुकलाय. तुमचा गोविंद झोपेत किंचाळतो. मी उभी हयात फौजेत काढली. लढाईही पाहिली. बराकीत शेकडो माणसांबरोबर झोपलो. झोपेत ओरडणारा एकही शिपाई मी पाहिला नाही. हे खोटं आहे."

दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. रेवती उत्तर द्यायला उभी राहिली.

तेवढ्यात साळवींच्या शेजारी बसलेल्या बाई उठल्या. ठेंगण्या, खांद्यावरून पदर घेतलेल्या. साळवीकाकू. त्यांनी नवऱ्याच्या हातातून माइक काढून घेतला. अगदी सहज, भाजीची पिशवी घ्यावी तसा.

"ह्यांचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ह्यांनी नसेल पाहिला. हे झोपलेले असायचे."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही.

"पण चूक आहे एक," काकू रेवतीला म्हणाल्या. "तो ओरडतो तेव्हा त्याची बायको त्याला हलवून उठवते. तसं नाही करायचं. जवळ जायचंच नाही. माझा हात एकदा मोडलाय. लांब दाराशी उभं राहायचं आणि तिथून हाक मारायची. आणि अहो म्हणून नाही उपयोग. नाव घ्यायचं."

सुभेदार अजून उभेच होते. ते हळूहळू तिच्याकडे वळले. "तू मला नावाने हाक मारायचीस?"

"मग काय करू?"

"मला वाटायचं, आपोआपच जाग येते."

काकूंनी माइक खाली घेतला.

"काय हाक मारायचीस?" त्यांनी विचारलं.

काकूंनी माइक खुर्चीवर ठेवला. पदर सारखा केला. रांगेतून बाहेर पडून हॉलच्या दारापर्यंत चालत गेल्या, तिथे वळून उभ्या राहिल्या, आणि कसलाही संकोच न करता हाक मारली, "वसंता."

आणि सुभेदार साळवींनी ओ दिली.